तांबे सरांनी दिलेलं शून्य

चि. मीरा आणि चि. कबीर,

मागच्या रविवारी मीराने फोनवर सांगितलं की तुमच्या शाळेची सहल टेनेसीतल्या एका जुन्या कोर्टात गेली होती. शंभर वर्षांपूर्वी तिथे एका तरुण शिक्षकावर खटला चालला, कारण त्याने वर्गात उत्क्रांती शिकवली होती. ती हे सांगत असताना मी मधेच म्हणाले, "आणि उकाडा फार म्हणून न्यायाधीशांनी कोर्ट बाहेर झाडाखाली भरवलं." मग मीराने विचारलं, "आजी, तुला कसं माहीत?"

फोनवर मला नीट सांगता येत नाही. आवाज तुटतो, आणि गोष्ट रंगात आली की कबीरला जेवायला बोलावतात. शिवाय हे ज्या माणसाकडून मला कळलं, त्याच्याबद्दल कुठेही काही लिहिलेलं नाही. त्याला ओळखणारी माणसं रत्नागिरीत आता मोजकीच उरली आहेत आणि त्यांतली बरीच माझ्यासारखी सकाळी चष्मा शोधत असतात. म्हणून आत्ताच लिहून काढते. बाबांकडून वाचून घ्या. अडलेला शब्द त्याला विचारा, त्याला आला नाही तर मला.

त्या माणसाचं नाव तांबे सर. मी रत्नागिरीच्या एका हायस्कुलात इंग्रजी शिकवत होते, पर्यवेक्षिकाही होते. ऐंशीच्या दशकातल्या एका जूनमध्ये ते आमच्याकडे जीवशास्त्र शिकवायला आले. वय सत्तावीस-अठ्ठावीस, उंच, बारीक, पांढरा टेरिकॉटचा शर्ट आणि बाह्यांना बरोबर दोन घड्या. छत्री हातात न धरता ते शर्टाच्या कॉलरला मागे अडकवत. त्यामुळे पाठमोरे चालताना ती हलत राही. एकदा नववीच्या वर्गात मागून कुणीतरी कुजबुजलं, "सरांना शेपूट आहे." सरांनी फळ्यावरचं वाक्य पुरं केलं आणि वळून म्हणाले, "सगळ्यांनाच होतं. हाड अजून शिल्लक आहे. घरी जाऊन चाचपून बघा." दुसऱ्या दिवशी अर्धा वर्ग बाकावर जपून बसला होता.

ते रुजू झाले त्या दिवशी मी ऑफिसात होते. हेडक्लार्क रजिस्टरात नाव लिहिता लिहिता थांबले.

"तांबे म्हणजे कुठले?"

"मंडणगड तालुक्यातले."

"ते झालं हो. पण तांबे दोन प्रकारचे असतात ना, म्हणून विचारलं."

"आमच्या गावात तीन प्रकारचे आहेत," सर म्हणाले. "तिसरे दारू पितात."

हेडक्लार्कना हसावं की नाही कळेना. तुम्हालाही हे कळणार नाही, म्हणून सांगते. आमच्याकडे तांबे हे आडनाव ब्राह्मणांतही असतं आणि बौद्धांतही. हेडक्लार्कना त्यातलं कुठलं ते आडून विचारायचं होतं. सरांच्या वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतली होती. सरांनी हे लपवलं नाही. मधल्या सुट्टीत चहा पिताना गावच्या बुद्धविहाराच्या छपराबद्दल बोलता बोलता सगळ्यांसमोर सांगून टाकलं. पुढच्या सोमवारपासून दोन शिक्षक घरून पाण्याची बाटली आणू लागले. तोपर्यंत सगळे एकाच माठातलं पाणी पीत होते. सरांनी त्या बाटल्यांकडे एकदा पाहिलं. "उन्हाळा वाढलाय वाटतं," एवढंच म्हणाले आणि माठातलं पाणी घेतलं.

त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं, "पुरावा कोणता?" ते वर्गात विचारत, शिक्षकांच्या खोलीत विचारत आणि रस्त्यातही विचारत. कुणी म्हणालं की यंदा हापूस कमी आहे, तर "पुरावा कोणता?" कुणी म्हणालं की अमक्याची सून फार उद्धट आहे, तरी तेच. शिपाई महादू एकदा वैतागून म्हणाला, "सर, चहा संपला. पुरावा म्हणून किटली आणू काय?" सर म्हणाले, "आण." किटली आली, सरांनी उलटी धरून पाहिली आणि महादूला म्हणाले, "तुझं म्हणणं मान्य."

दुसरं वाक्य होतं "माहीत नाही." आमच्या पिढीतले शिक्षक हे वाक्य वर्गात उच्चारत नसत. मुलांनी विचारलं आणि आलं नाही, तर "आधी मागचा धडा पाठ कर" म्हणून गप्प बसवत. तांबे सर फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात एक चौकोन आखत आणि त्यात न आलेला प्रश्न लिहून ठेवत. उत्तर सापडलं की पुसत. एक प्रश्न मला आठवतो, "खेकडा तिरका का चालतो?" तो सगळी सहामाही तिथे होता. शाळातपासणीला आलेल्या साहेबांनी तो वाचून विचारलं, "हे काय?" सर म्हणाले, "हे मला येत नाही, साहेब. आपल्याला येतं का?" साहेब पुढच्या वर्गात गेले.

आणि त्यांची पेपर तपासायची रीत. मी पर्यवेक्षिका म्हणून एकदा तपासलेले गठ्ठे पाहायला गेले, तर प्रत्येक उत्तरपत्रिकेचं पहिलं पान दुमडून त्याला कपडे वाळत घालायचा लाकडी चिमटा लावलेला. मी विचारलं, हे कशाला?

"नाव दिसू नये म्हणून, बाई."

"दिसलं तर काय होईल?"

"माहीत नाही. म्हणून तर चिमटा."

आता त्या खटल्याबद्दल. सरांचा मोठा भाऊ मुंबईला गिरणीत होता. गिरणी बंद पडल्यावर तो फोर्टात फूटपाथवर जुनी पुस्तकं विकणाऱ्या एकाकडे कामाला लागला. इंग्रजी त्याला वाचता येत नसे. मुखपृष्ठावर प्राणी किंवा सांगाडा दिसला की ते पुस्तक तो धाकट्या भावासाठी बाजूला ठेवी आणि गावच्या माणसाबरोबर पाठवी. अशा एका पुस्तकावर माकडाचं चित्र होतं. मुखपृष्ठाचा चित्राखालचा भाग आणि सुरुवातीची काही पानं फाटलेली, त्यामुळे नाव आणि लेखक आम्हाला शेवटपर्यंत कळले नाहीत. सर ते घेऊन माझ्याकडे आले. "बाई, मला वाटलं माकडांवरचं आहे. हे तर कोर्टाचं निघालं. रोज दोन पानं वाचून द्याल?"

मधल्या सुट्टीत आम्ही ते वाचू लागलो. मी वाचायची आणि अर्थ सांगायची. सर खिशातल्या उकडलेल्या फणसाच्या आठळ्या सोलून माझ्यापुढे ठेवायचे. खटल्याची हकिकत तुम्ही सहलीत ऐकलीच असेल. कायदा असा होता की माणूस खालच्या प्राण्यांपासून झाला असं शाळेत शिकवायचं नाही. एक शिक्षक स्वतःहून आरोपी व्हायला तयार झाला. देशातले दोन मोठे वकील समोरासमोर आले आणि लहानशा गावाची जत्रा झाली. वर्गातल्या मुलांना साक्षीला बोलावलं होतं. त्यातल्या एकाला विचारलं, हे शिकून तुझं काही बिघडलं का, आणि तो नाही म्हणाला. हे पान सरांनी मला दोनदा वाचायला लावलं.

पण पुढच्या एका पानाशी ते अडले. दूरदूरच्या विद्यापीठांतून शास्त्रज्ञ साक्ष द्यायला आले होते. न्यायाधीशांनी ठरवलं की त्यांचं म्हणणं ज्यूरीला ऐकवायची गरज नाही. शिक्षकाने ते शिकवलं की नाही, एवढाच प्रश्न आहे.

"म्हणजे पुरावा बाहेर बसून राहिला?" सरांनी विचारलं.

"तसंच."

"आणि गाजला काय तर वकिलांचा वाद."

शेवट त्याहून विचित्र होता. ज्यूरी नऊ मिनिटांत परत आली, शिक्षकाला दंड झाला. वर्ष-दीड वर्षाने वरच्या कोर्टाने शिक्षा रद्द केली, पण कारण असं दिलं की दंडाची रक्कम ज्यूरीने ठरवायला हवी होती, ती न्यायाधीशांनी ठरवली. शिकवणं बरोबर होतं की चूक, हा प्रश्न तिथल्या तिथे राहिला. मी पुस्तक मिटलं. सर म्हणाले, "बाई, त्या शिक्षकाला बरं वाटलं असेल का हो?" पुस्तकात ते नव्हतं, म्हणून मी माहीत नाही म्हटलं. ते हसले.

सर सुरवेकाकींच्या आवारात एका खोलीत भाड्याने राहत. बरोबर धाकटी बहीण सुमन होती, ती सिव्हिल हॉस्पिटलात नर्सिंग शिकत होती. एकदा मांडवीच्या किनाऱ्याला मेलेला डॉल्फिन लागला. सर सुरी घेऊन गेले आणि त्याचा पुढचा वल्ह्यासारखा पर कापून घेऊन आले. काकींच्या कलमाखाली खड्डा करून तो पुरला, वर धोंडे ठेवले. आठ दिवसांनी काकी कमरेवर हात ठेवून खोलीच्या दारात.

"मास्तर, माझ्या हापूसच्या मुळात काय पुरलाव?"

"डॉल्फिनचा हात, काकी. तो मासा नाही, सस्तन प्राणी आहे."

"सस्तन असू दे नायतर महाग असू दे. वास येतोय. जेवण जात नाय."

सरांनी आणखी माती टाकली. चार महिन्यांनी हाडं स्वच्छ होऊन निघाली. ती त्यांनी तारेने एका प्लायवुडच्या फळीवर बांधली. शेजारी विजेच्या तारेला चिकटून मेलेल्या वटवाघळाचा पंख, कोंबडीचा पंख आणि बकऱ्याचा पुढचा पाय. चारही ठिकाणी हाडांची मांडणी तीच, खांद्याकडे एक, मग दोन, मग बारकी बारकी आणि शेवटी बोटं. पाचवी जागा रिकामी. तिथे मुलाने आपला हात ठेवायचा आणि मोजायचं. काकींच्या त्या कलमाला पुढच्या वर्षी भरपूर मोहर आला. काकी ज्याला त्याला सांगत की हे मास्तरच्या माशामुळे. सर म्हणत, "काकी, शेजारच्या कलमालाही आलाय. त्याच्याखाली काय पुरलंय?"

आता मूळ गोष्ट. आमच्या शाळा समितीचे अध्यक्ष लिमये सर. ते स्वतः त्याच शाळेत बावीस वर्षं जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. अतिशय चांगले शिक्षक, हे मुद्दाम लिहिते. नोकरीच्या पहिल्या वर्षी त्यांच्या लक्षात आलं की उत्क्रांतीचा क्रम मुलांच्या डोक्यात राहत नाही. म्हणून त्यांनी दशावतारांचा आधार घेतला. मत्स्य म्हणजे पाण्यातला जीव, कूर्म म्हणजे पाण्यातून जमिनीवर आलेला, मग वराह, मग अर्धा पशू अर्धा माणूस असा नरसिंह, मग खुजा वामन, मग पुरा माणूस. फळ्यावर ते ही चित्रं अशी झरझर काढत की मुलं लिहायचं विसरत. आठवणीची सोय म्हणून घेतलेली गोष्ट पुढे बावीस वर्षांत धडाच होऊन बसली. गावातला डॉक्टर, पोस्टमास्तर, बँकेतले कारकून, सगळे उत्क्रांती म्हणून हेच शिकले होते आणि परीक्षेत हेच लिहून त्यांनी पैकीच्या पैकी गुण घेतले होते. तुमच्या टेनेसीत लोक उत्क्रांतीवर चिडले. आमच्याकडे कुणी चिडलं नाही. सगळे म्हणत, हे तर आमच्याकडे आधीपासून आहे.

तांबे सर मला एकदा म्हणाले होते, "बाई, नाही म्हणणाऱ्याशी वाद घालता येतो. हो म्हणणाऱ्याशी कसा घालायचा?"

तांबे सरांच्या दुसऱ्या वर्षी नववीच्या वार्षिक परीक्षेत प्रश्न होता, "उत्क्रांतीचे कोणतेही तीन पुरावे लिहा." लिमये सरांची नात शुभदा त्या वर्गात होती. हुशार मुलगी, पहिला नंबर ठरलेला. तिला हा भाग आजोबांनी घरी शिकवला होता. तिने दोन पानांवर दहा अवतार लिहिले आणि दहा चित्रं काढली. तांबे सरांनी सहापैकी शून्य दिलं. खाली लाल शाईत लिहिलं, "चित्रे सुंदर. पुरावा कोणता?" शुभदाचा तिसरा नंबर आला.

निकालानंतर लिमये सर उत्तरपत्रिका घेऊन शिक्षकांच्या खोलीत आले. मी तिथेच होते.

"तांबे, तुमच्या जागेवर मी बावीस वर्षं शिकवलं."

"हो सर."

"मुलं अजून विसरलेली नाहीत."

"तेच तर झालंय, सर."

लिमये सर खुर्चीवर बसले. "क्रम चुकला आहे का? आधी जलचर, मग उभयचर, मग भूचर."

"कासव उभयचर नाही, सर. आणि प्रश्नात क्रम विचारला नव्हता."

"पोरीने दोन पानं लिहिली आहेत. चित्रांचे दोन गुण द्या, मी काही म्हणणार नाही."

"चित्रकलेच्या पेपरात असती तर पैकीच्या पैकी मिळाले असते, सर."

लिमये सर उठले. रागावले असं दिसलं नाही, पण जाताना उत्तरपत्रिकेची घडी फार काळजीपूर्वक घातली.

इथे अडचण अशी होती की सर अजून कायम झाले नव्हते. नव्या शिक्षकाला दोन वर्षं उमेदवारीची असत. काम पसंत नसेल तर समिती त्या मुदतीत त्याला कमी करू शके. सरांची दोन वर्षं जूनमध्ये पुरी होत होती. भावाची गिरणी बंद, सुमनचं शिक्षण चालू, गावी आई. सगळं या एका पगारावर. समितीतले कापडाचे व्यापारी शेट्ये यांनी सभेत विषय घ्यायला लावला, "श्री. तांबे यांच्या कामाबाबत विचार करणे." बाजारात ते उघड बोलू लागले की खरं कारण नववं चित्र आहे. दशावतारांत नववा अवतार बुद्ध धरतात. दीक्षा घेतलेले बौद्ध हे मानत नाहीत. शेट्ये म्हणत, "पोरीने बुद्धाला विष्णूचा अवतार म्हणून काढलं, ते मास्तरांना झोंबलं. शून्य तिथून आलं."

सभा मे महिन्याच्या शेवटी ठरली होती. पण शेट्यांच्या मेहुण्याच्या बागेतला आंबा निघत होता, आणखी दोन सदस्यांच्या स्वतःच्या बागा. पेट्या भरायच्या दिवसांत रत्नागिरीत कुणाला सवड नसते. सभा पुढे गेली, मग आणखी एकदा पुढे गेली. शेवटची पेटी रवाना झाल्यावर, शाळा उघडल्यावर घेऊ असं ठरलं.

सभेच्या आदल्या दिवशी मी नववीचा गठ्ठा काढून पुन्हा तपासला. त्यात मला आणखी एक शून्य सापडलं. ती शहराबाहेरच्या बौद्धवाडीतली मुलगी होती. तिने लिहिलं होतं की भगवान बुद्धांनी अडीच हजार वर्षांपूर्वीच सांगितलं की सगळं बदलत असतं, आणि हाच उत्क्रांतीवाद. खाली तीच लाल शाई, "भाषा चांगली. पुरावा कोणता?" मी ती उत्तरपत्रिका घेऊन प्रयोगशाळेत गेले. सर फळीवरच्या हाडांची धूळ ब्रशने झाडत होते.

"उद्या ही सभेत दाखवू या," मी म्हटलं. "शेट्ये गप्प होतील."

त्यांनी नाव पाहिलं. त्यांनाही ते तेव्हाच कळलं असावं. "नको, बाई."

"का?"

"दाखवली तर ते म्हणतील, बघा, आपल्या माणसाला पण शून्य दिलंन. मग मी सुटेन. पण सुटेन ते या मुलीच्या जातीवर. शुभदाचं उत्तर चूक होतं म्हणून नाही."

"तुमची नोकरी जाईल, सर."

"जाईल," ते म्हणाले. "सुमनचं एक वर्ष राहिलंय. ते मी मोजून बसलोय." मग ब्रश खाली ठेवून, "मी अर्धा तास मागणार आहे. ही फळी नेणार. त्यांनी एकदा हात ठेवून मोजावं. मग काय करायचं ते करू देत."

मी उत्तरपत्रिका गठ्ठ्यात परत ठेवली. पण घरी गेल्यावर मला चैन पडेना. सभेचं टिपण तयार करायला मी त्यांची सेवापुस्तिका आणली होती. रुजू झाल्याची तारीख पाहिली, दिवस मोजले, नियमांचं पुस्तक काढून वाचलं. दोन वर्षं पुरी व्हायच्या आत लेखी कळवलं नाही, तर शिक्षक आपोआप कायम होतो. दोन वर्षं परवाच पुरी झाली होती.

सभा मुख्याध्यापकांच्या खोलीत भरली. तांबे सर फळी जुन्या चादरीत गुंडाळून घेऊन आले होते. शेट्यांनी नाकाला रुमाल लावला. त्यांनी नवव्या चित्राचं बोलणं काढलं, तसं सर म्हणाले, "त्याबद्दल मी काही बोलणार नाही. उत्तराबद्दल बोलतो. अर्धा तास द्या."

लिमये सर म्हणाले, "ऐकू या. मलाही ऐकायचं आहे."

सर चादरीची गाठ सोडू लागले, आणि मी उभी राहिले. मुलांनो, मी तेव्हा बोलले नसते तरी चाललं असतं. अर्धा तास थांबूनही बोलता आलं असतं. पण मला भीती वाटली की त्या अर्ध्या तासात कुणीतरी असं काही बोलेल की ते परत घेता येणार नाही. मी नियम वाचून दाखवला आणि तारखा सांगितल्या.

खोलीतल्या सगळ्यांचे खांदे सैल झाले. मुख्याध्यापकांनी स्वतः नियम वाचला आणि मान हलवली. शेट्ये म्हणाले, "म्हणजे आंब्यापायी राहिलं म्हणायचं." कुणीतरी हसलं. लिमये सरांनी विचारलं, "मग आता विषय उरतो का?" मुख्याध्यापक म्हणाले, "उरत नाही." महादू चहा घेऊन आला. इतिवृत्तात मी लिहिलं, "सदर विषयावर विचार करण्याचे कारण उरले नाही." सर गाठ अर्धी सुटलेली फळी उचलून बाहेर गेले.

चहा झाल्यावर मी बाहेर आले. व्हरांड्यातल्या बाकावर सर बसले होते आणि शेजारी शुभदा. ती आजोबांना न्यायला आली होती. चादर सोडलेली होती. शुभदाने रिकाम्या जागेवर हात ठेवला होता आणि डाव्या हाताच्या बोटाने ती डॉल्फिनच्या हाडांवरून मोजत जात होती.

"पाच," ती म्हणाली. "पण सर, बाहेरून तर वल्ह्यासारखं असतं."

"बाहेरून."

"आत बोटं कशाला लागतात त्याला? त्याला काही धरायचं नसतं."

"हाच प्रश्न मला परीक्षेत हवा होता."

तिने जरा विचार केला. "मग आता माझ्या शून्याचं काय?"

"ते शून्यच."

"दोन पण नाहीत?"

"नाहीत. दहावीत परत येईल प्रश्न. तेव्हा सहा घे."

लिमये सर दारात उभे होते. किती वेळ उभे होते ते मला माहीत नाही. ते बाकापाशी आले, चष्मा सारखा केला, वाकून वटवाघळाची बोटं मोजली, मग डॉल्फिनची, मग पुन्हा वटवाघळाची. "हे डॉल्फिनचं कुठून मिळवलंत?"

"मांडवीला लागला होता, सर."

"आम्हाला नाही कधी सुचलं," लिमये सर म्हणाले. मग शुभदाला घेऊन गेले. त्या गणपतीत त्यांचं दरवर्षीचं उत्क्रांतीवरचं व्याख्यान झालं तेव्हा दशावतार होतेच. फक्त शेवटी त्यांनी एक वाक्य नवीन जोडलं, की ही झाली लक्षात ठेवायची सोय. समोर बसलेल्यांपैकी किती जणांनी ते ऐकलं कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी मी सरांना विचारलं, "राग आला का?"

"नाही, बाई. घर वाचलं. सुमनने काल साखर घालून शिरा केला." मग म्हणाले, "पण आपण ते पान वाचलं होतं ना. वरच्या कोर्टाचं. मी तुम्हाला विचारलं होतं, त्या शिक्षकाला बरं वाटलं असेल का."

"हो."

"आता माहीत झालं."

काय माहीत झालं ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. मात्र त्यानंतर त्यांनी एक गोष्ट सुरू केली. दरवर्षी उत्क्रांतीचा धडा आला की ते वर्ग शाळेत घेईनात. मुलांना घेऊन भाट्याच्या खाडीवर जात. मुख्याध्यापकांनी परवानगीचा अर्ज मागितला, तर त्यात कारण लिहिलं होतं, "पुरावा शाळेत आणता येत नाही, म्हणून शाळा पुराव्याकडे नेत आहे." मुख्याध्यापकांनी सही केली, कारण अशा माणसाशी बोलत बसण्यापेक्षा सही लवकर होते.

शुभदाने दहावीत त्या प्रश्नाला सहापैकी पाच मिळवले. तिला शास्त्रज्ञ वगैरे व्हायचं नव्हतं. लग्न होऊन ती गुहागरला गेली. नारळी-पोफळीची बाग सांभाळते आणि कृषी खात्याच्या माणसांना फार प्रश्न विचारते असं ऐकते. सुमन मुंबईला मोठ्या हॉस्पिटलात परिचारिका झाली. सरांना पुढे मंडणगडजवळच्या शाळेत मुख्याध्यापकाची जागा मिळाली, आईसाठी ते तिकडे गेले. काही वर्षांपूर्वी तिथेच वारले. मला महिन्याने कळलं.

मी त्यांना शेवटचं नीट पाहिलं ते माझ्या निवृत्तीच्या आदल्या वर्षी. पावस गावी माझ्या मावशीकडे जायला मी एसटीत बसले होते. भाट्याच्या पुलावर गाडी समोरून येणाऱ्या ट्रकसाठी थांबली. ओहोटी होती. खाली चिखलात नववीचा वर्ग दोन ओळींत उभा, सगळ्यांच्या चपला काठावर. सर पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून पुढे वाकले होते आणि हात मागे धरून सगळ्यांना गप्प राहायला सांगत होते. त्यांच्या पुढे दोन हातांच्या अंतरावर एक निवटी होती. निवटी हा बोटाएवढा मासा. खाडीच्या चिखलात राहतो, आणि पाणी ओसरलं की पुढच्या परांवर रेटा देत चिखलावरून चालतो. ती चालली, थांबली, डोळे फिरवून सरांकडे बघू लागली. चाळीस मुलांपैकी एकही हललं नाही. मग ट्रक गेला आणि आमची गाडी सुटली. सरांनी वर पाहिलं नाही.

ते खटल्याचं पुस्तक मंडणगडला घर बदलताना कुठे गेलं, कुणाला ठाऊक नाही. प्रयोगशाळा नवीन झाली तेव्हा जुन्या सामानाबरोबर ती हाडांची फळीही काढून टाकली. भाट्याचा पूल आहे. ओहोटीला त्याच्याखाली निवट्या अजून दिसतात.